अंगणातली हरळी, उसातली हरळी

मध्यंतरी श्रीपूरला एका स्नेह्यांकडे दोन दिवस राहणे झाले. श्रीपूर हे सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातले, अकलूज आणि पंढरपूर यांच्या दरम्यानचे गाव. चंद्रशेखर आगाशे यांनी 1934 मध्ये स्थापन केलेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटचा साखर कारखाना इथे उभा राहिला, आणि आज इथे पांडुरंग सहकारी साखर कारखाना आहे. शेजारी माळीनगर, सासवडच्या माळी मंडळींनी नीरेच्या पाण्यावर येऊन वसवलेले. या टापूत कुठेही उभे राहा, डोळ्यांपुढे ऊस असतो आणि बोलण्यातही ऊसच असतो.

आमच्या स्नेह्यांनी निवृत्तीनंतर इथे घर बांधले. घरापुढे मुंबई-पुण्याच्या थाटाची हिरवळ केली आणि घरामागे वडिलोपार्जित रान आहे, त्यात ऊस. सकाळी चहाचा कप हातात घेऊन मी ओसरीवर आलो, तर पुढच्या अंगणात ते स्वतः रबरी नळीने हिरवळीला पाणी घालत होते. लहान मुलाला न्हाऊ घालावे तशा मायेने. मागच्या बाजूला पाठीवर पंप घेतलेला गडी उसाच्या बांधावर तणनाशक मारत होता. मी सहज विचारले, तो काय मारतोय? ते म्हणाले, "हरळी. फार माजलीय." मग माझ्या पायाखालच्या गवताकडे बोट करून विचारले, हे काय आहे? नळी हातात तशीच धरून ते क्षणभर थांबले आणि हसले. "हीही हरळीच की!"

एकाच घरात, एकाच वेळी, एकाच गवताला पुढे पाणी आणि मागे विष. आणि भाद्रपदात त्याच गवताच्या एकवीस एकवीस काड्यांच्या जुड्या करून त्या गणपतीच्या मस्तकावर वाहायच्या, कारण दूर्वा म्हणजे हीच हरळी. विलायतेत तिला बर्म्युडा ग्रास म्हणतात आणि क्रिकेटच्या मैदानावर तिचे कौतुक होते. 1977 मध्ये लेरॉय होम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातल्या सर्वांत वाईट तणांवर एक जाडजूड ग्रंथ काढला. त्यात पहिला मान लव्हाळ्याला आणि दुसरा हरळीला दिला आहे. ज्या लव्हाळ्याच्या नम्रपणाचा दाखला तुकोबांनी दिला, तो ऊसवाल्याला विचारा. जमिनीखाली गाठींची माळ ओवून बसणारा तो नम्रपणा त्याला चांगलाच ठाऊक असतो.

सांगायचा मुद्दा असा की तण नावाची कोणतीही वनस्पती सृष्टीत नाही. आपल्याला नको तिथे उगवते ते तण. व्याख्या माणसाची, आणि ती माणसागणिक, बांधागणिक बदलते. हे एकदा ध्यानात घेतले की तणनाशकाच्या बाटलीकडे बघण्याची नजर जरा बदलते.

स्नेह्यांची खरी तक्रार मात्र हरळीची नव्हतीच. मृगाचा पाऊस पडला की त्यांच्या हिरवळीत दुसरेच एक गवत उगवे. फिकट हिरवे, रुंद पात्याचे, जमिनीवर खेकड्यासारखे पाय पसरणारे, आणि वर एका बिंदूतून हाताच्या बोटांसारख्या फुटलेल्या बारीक कणसांचे. इंग्रज त्याला क्रॅबग्रास म्हणजे खेकडा-गवत म्हणतो. शास्त्रीय नाव डिजिटेरिया. लॅटिनमध्ये डिजिटस म्हणजे बोट. अमेरिकेतल्या बंगलेवाल्यांचा हा जन्माचा वैरी, आणि त्याला मारणाऱ्या औषधांच्या चाचण्या तिथल्या विद्यापीठांत वर्षानुवर्षे चालत आल्या आहेत. याच कुळातले फोनिओ हे धान्य पश्चिम आफ्रिकेत माणसे आवडीने खातात. आपली नाचणीही अशाच एका तणाची सख्खी चुलत बहीण आहे, पण ते असो.

तर स्नेह्यांनी काय केले? जवळच्या बाजारपेठेतल्या एका दुकानात गेले आणि "गवताचे औषध द्या" म्हणाले. दुकानदाराने टू-फोर-डीची बाटली दिली, कारण उसात तीच चालते. त्यांनी ती पंपात ओतून हिरवळीवर मारली. आठ दिवस वाट पाहिली. खेकडा-गवताला काहीही झाले नाही. उलट पाणी मिळाल्यासारखे ते तजेलदार दिसू लागले. हिरवळीच्या कडेला उगवलेली थोडी घोळीची भाजी तेवढी पिळवटून मेली. नंतर त्याच पंपाने, वरवर धुऊन, त्यांनी परसातल्या टोमॅटोवर किडीचे औषध मारले. चार-पाच दिवसांत टोमॅटोची पाने पंख्यासारखी चिरफळली, शेंडे दोरीसारखे वळले. घरात दोन दिवस कोणी त्यांच्याशी धड बोलत नव्हते. टोमॅटो वहिनींचे होते.

यात दोष औषधाचा म्हणावा तर औषधाने आपले काम चोख केले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंड-अमेरिकेत शोध लागलेले टू-फोर-डी हे वनस्पतीच्या वाढीच्या संप्रेरकाची नक्कल करते. रुंद पानांच्या वनस्पती त्याने वेड्यावाकड्या वाढून मरतात. गवतवर्गीय वनस्पती ते पचवतात. ऊस हे मुळात गवतच, म्हणून उसात टू-फोर-डी चालते. पण खेकडा-गवतही गवतच आणि हरळीही गवतच. गवतातले गवत टू-फोर-डीने कसे मरणार? टोमॅटो, कापूस, द्राक्ष यांना मात्र या औषधाचा वारासुद्धा सोसत नाही. पंढरपूर तालुक्यातल्या कासेगावकडच्या द्राक्षबागायतदारांना विचारा. शेजारच्या उसावर वाऱ्याच्या दिवशी कोणी टू-फोर-डी फवारले, की वेलीची कोवळी पाने सांगतात. बांधावरून भांडणे होतात ती नेहमी जमिनीचीच असतात असे नाही.

अमेरिकेत तर या औषधाने तणाची व्याख्याच बदलून टाकली. तिथे हिरवळीच्या बियाण्यात पूर्वी पांढऱ्या क्लोव्हरचे बी मुद्दाम मिसळत. हे शेंगवर्गीय रोप हवेतला नत्र जमिनीत आणते म्हणून. महायुद्धानंतर टू-फोर-डी बाजारात आले. त्याने डँडेलियनबरोबर क्लोव्हरही मरू लागले. औषध बदलण्याऐवजी लोकांनी मत बदलले, आणि कालपर्यंत हिरवळीचे भूषण असलेले क्लोव्हर तणांच्या यादीत जाऊन बसले. औषधाला जे मारता येते ते तण, असा हा उफराटा न्याय!

आता उसाकडे वळू, कारण हिरवळ ही हौस आहे आणि ऊस हे पोट आहे.

उसाचे पहिले तीन-चार महिने नाजूक. पाने एकमेकांना भिडून सावली पडेपर्यंत खालच्या मोकळ्या, खतावलेल्या, ओल्या जमिनीत तणांची चैन असते. ऊस आणि त्याची बहुतेक वैरी तणे एकाच जातकुळीची आहेत. 1960 च्या दशकात हवाईतल्या आणि ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी उन्हाचा अधिक चांगला उपयोग करणारी प्रकाशसंश्लेषणाची जी वेगळी रीत शोधली, ती प्रथम उसातच सापडली. त्याच रीतीने हरळी, लव्हाळा, खेकडा-गवत ही सगळी मंडळी जगतात. म्हणजे सोलापूरच्या उन्हात उसाला जे मानवते तेच तणालाही मानवते. भाऊबंदकीच ती!

या तणावर पिढ्यान्‌पिढ्या उपाय एकच होता, बाईचा हात. इकडे खुरपणी म्हणतात, साताऱ्या-सांगलीकडे भांगलण, विदर्भात निंदण. सकाळी भाकरी बांधून बायका रानात येतात, ओळीने उकिडव्या बसतात आणि खुरप्याने सरीमागून सरी साफ करत पुढे सरकतात. उसाची पाती कापतात, पाठ धरते, गुडघे जातात. साहित्यात या दृश्याची वर्णने पुष्कळ आहेत. खुरपे हातात असलेल्या बाईने मात्र ती लिहिलेली नाहीत.

स्नेह्यांच्या रानात त्या दिवशी चार बायका होत्या. तणनाशकाचा विषय निघाला तशी त्यांतली एक वयस्कर मावशी म्हणाली, "औषिदानं तण मरतंय मालक, पण माझी म्हस काय खानार?" मला आधी कळलेच नाही. मग उलगडा झाला. खुरपणीच्या मजुरीत पैसे हे अर्धेच असतात. उरलेली मजुरी म्हणजे संध्याकाळी डोक्यावरून घरी जाणारा गवताचा भारा. त्यावर घरची म्हैस किंवा दोन शेळ्या जगतात. आणि भाऱ्याच्या आत, पदरात बांधलेली, घोळ, तांदूळजा, कुर्डू, पाथरी. रात्रीच्या कालवणाची सोय. टू-फोर-डीने सर्वांत आधी मरतात त्या याच रुंद पानांच्या भाज्या. हा भारा कोणत्याही हिशेबाच्या वहीत लिहिलेला नसतो, म्हणून तो गेला तेव्हा तोटा झाला असेही कुठे नोंदले जात नाही.

एवढे ऐकून मी तणनाशकाच्या विरुद्ध एक सुंदर लेख मनात जुळवला होता. पण त्याच ओळीतली एक तरुण बाई म्हणाली, "मावशीचं र्‍हाऊ द्या वो काका. माझी कंबर गेली. मारा खुशाल औषिद. आमी दुसरं काम बगू." आणि खुरपे जमिनीत रोवून ती पुढे सरकली. माझा लेख तिथेच संपला.

दोघींचेही खरे आहे, आणि पुण्या-मुंबईत बसून या दोघींपैकी एकीचेच ऐकणे फार सोपे आहे. सेंद्रिय शेतीवर परिसंवाद भरवणारी मंडळी मावशीचे ऐकतात. औषध विकणारी मंडळी तरुण बाईचे ऐकल्यासारखे करतात. शेतकऱ्याला दोघींनाही मजुरी द्यायची असते, आणि मजूर मिळत नाहीत ही त्याची अडचणही खोटी नाही. तो बाटलीकडे वळला म्हणून त्याला पापी ठरवण्याचा अधिकार, आयुष्यात एक सरीही न खुरपणाऱ्याला नाही.

गोंधळ आणखी वाढवणारी एक गोष्ट सांगतो. जमीन नांगरू नये, मातीला हलवू नये असे कळकळीने सांगणारे आपल्याकडचे दोन मोठे प्रयोगशील शेतकरी, कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर आणि नेरळचे चंद्रशेखर भडसावळे, हे दोघेही तणनाशकाचा उपयोग करतात. तण वाढू द्यावे, ते मारून जागेवरच कुजू द्यावे, त्याची मुळे मातीत खत होतात, असा चिपळूणकरांचा विचार. "तण खाई धन" ही म्हण उलटी करून "तण देई धन" म्हणण्यापर्यंत गोष्ट गेली. म्हणजे मातीचे भले बघणाऱ्याच्या हातातही तीच बाटली, आणि मातीचे वाटोळे करणाऱ्याच्या हातातही तीच.

मग बाटलीत आहे तरी काय? ग्लायफोसेट घ्या. 1970 मध्ये अमेरिकेत मोन्सँटोच्या जॉन फ्रान्झ यांनी त्याचा तणनाशक गुण ओळखला, 1974 पासून ते राउंडअप या नावाने विकले जाऊ लागले. ते निवड करत नाही. हिरवे दिसेल ते मारते. मार्च 2015 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला 'माणसात बहुधा कर्करोगकारक' या वर्गात टाकले. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचे मत याच्या उलट पडले. 2018 मध्ये कॅलिफोर्नियात शाळांची मैदाने राखणाऱ्या ड्वेन जॉन्सन या माळ्याच्या बाजूने ज्युरीने 28 कोटी 90 लाख डॉलर भरपाईचा निकाल दिला; पुढे वरच्या न्यायालयांपर्यंत ती रक्कम सुमारे दोन कोटींवर आली. हिरवळीसाठी पाठीवर पंप घेणारा हा माणूस होता, शेतकरी नव्हता, हे अंगणात हौसेने फवारणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

आपल्याकडे ग्लायफोसेटची नोंदणी चहाचे मळे आणि पीक नसलेली जमीन यांपुरती. ऑक्टोबर 2022 मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढली की ते फक्त कीडनियंत्रण करणाऱ्या परवानाधारक ऑपरेटरांनीच वापरावे. गावात असा ऑपरेटर शोधायला निघालात तर वाटेत बाटली विकणारी दोन दुकाने लागतील, ऑपरेटर लागणार नाही. मे 2020 मध्ये 27 कीटकनाशके-तणनाशके बंद करण्याचा मसुदा निघाला होता. त्यात उसातली दोन नेहमीची नावे, अ‍ॅट्राझीन आणि टू-फोर-डी, होती. ती दोन्ही पुढे वापरात राहिली. अ‍ॅट्राझीन युरोपात 2004 पासून बंद आहे. तिथे बंद म्हणून इथे बंद करा, असे मी म्हणत नाही. तिथली जमीन, पाणी, पिके वेगळी. पण तिथे ते भूजलात सापडले म्हणून बंद झाले, आणि आपल्याकडे उसाच्या रानातल्या विहिरीचे पाणी कोण तपासते, एवढे विचारायला काय हरकत आहे?

आणि पंप कोणाच्या पाठीवर असतो? 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ती कीटकनाशके होती, तणनाशके नव्हती, हे खरे. पण तोंडाला टॉवेल, पायात काही नाही, हाताने ढवळलेले द्रावण आणि छातीएवढे वाढलेले पीक, हे चित्र इकडेही तेच आहे. बाटलीवर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. तो त्रिकोण मालकाने पाहिलेला असतो की नाही कोण जाणे. गड्याला तो कोणी दाखवलेला नसतो.

माझे म्हणणे थोडक्यात असे की औषध मारायचे की नाही, या वादाच्या आधी, ते आपल्या रानात काय करते हे आपण पाहिले पाहिजे. आपल्याकडे औषध वापरतात सगळे. तपासत कोणी नाही. दुकानदार डॉक्टर झाला आहे आणि तोच औषधही विकतो. शेजाऱ्याने मारले, त्याचे तण मेले, म्हणून आपणही मारायचे. मेले नाही तर मात्रा वाढवायची. मात्रा वाढवूनही मेले नाही तर कंपनी फसवी. पण त्या दिवशी पाणी गढूळ होते का, हे कोणी आठवत नाही. ग्लायफोसेट मातीच्या कणांना घट्ट चिकटते, म्हणून गढूळ पाण्यात त्याचा जोर पंपातच संपतो. बोअरच्या जड पाण्यानेही ते दुबळे होते. अ‍ॅट्राझीनला जमिनीत ओल लागते. कोरड्या ढेकळांवर मारले तर ते निजून राहते. शिवाय उसात कांदा, हरभरा किंवा भुईमूग आंतरपीक घ्यायचा विचार असेल तर ते मारून चालत नाही. खेकडा-गवतासारख्या बियांपासून येणाऱ्या गवतावर पेंडीमिथॅलिन चालते, पण बी उगवण्याआधी, म्हणजे मृगाच्या तोंडावर. उगवल्यानंतर मारणे म्हणजे चोर गेल्यावर कुलूप लावणे. किडीच्या औषधाचे नोझल वेगळे, तणनाशकाचे चपटा पट्टा सोडणारे वेगळे. या गोष्टी बाटलीच्या घडीच्या कागदावर बारीक अक्षरांत असतात. तो कागद बहुधा बांधावर उडत असतो.

तपासायचे कसे, याची विद्या परदेशातून उसनी आणायला नको. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडला रोनाल्ड फिशर यांनी 1920 च्या दशकात शेतातल्या प्रयोगांचे शास्त्र बसवले हे खरे. पण आपल्या शेतांसाठी ते लिहून काढले ते दोन मराठी माणसांनी, विनायक गोविंद पानसे आणि पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी. सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे. शेतीसंशोधकांसाठी या दोघांनी संख्याशास्त्राचे जे पुस्तक लिहिले ते भारतीय कृषी संशोधन परिषदेने 1954 मध्ये काढले, आणि पुढे कृषी महाविद्यालयांतल्या मुलांच्या पिढ्या त्यावर वाढल्या. नीरेच्याच खोऱ्यात पाडेगावला 1932 पासून ऊस संशोधन केंद्र आहे; तणांसाठी जबलपूरला 1989 पासून केंद्र सरकारची वेगळी संस्था आहे. विद्या घरात आहे, ती बांधावर उतरत नाही एवढेच.

तिचे सार अगदी साधे. रानाचे सारख्या आकाराचे तुकडे करा. एकावर औषध, एकावर खुरपणी, एकावर आधी औषध आणि नंतर एक खुरपणी, आणि एक तुकडा तसाच सोडा. हे सगळे रानात तीन-चार ठिकाणी पुन्हा करा, कारण एका कोपऱ्यात पाणी साचते आणि दुसऱ्यात माती हलकी असते. कुठल्या तुकड्याला काय, हे मनाने ठरवू नका, चिठ्ठ्या टाका. मन नेहमी आवडत्या औषधाला चांगली जागा देते. लाकडी पट्ट्यांची एक चौकट करा, ती टाकून आतली तणे जातवार मोजा, पंधरा दिवसांनी, महिन्याने, दोन महिन्यांनी. आणि शेवटी तण किती मेले यावर न थांबता ऊस किती टन पडला ते पाहा. कारण तण पिवळे पडलेले दिसले की डोळे निवतात, आणि डोळे निवणे म्हणजे उत्पन्न नव्हे.

यातला सर्वांत अवघड भाग कोणता, तर तसाच सोडलेला तुकडा. औषधाला पैसे पडतात, खुरपणीला मजुरी पडते, या तुकड्याला काहीच पडत नाही, तरी तो कोणी सोडत नाही. लाज वाटते. रस्त्यावरून जाणारा म्हणतो, "पाटलाच्या रानात तण माजलंय, ध्यान नाही गड्याचं." पण तो तुकडा नसेल तर औषधाने तण मेले की ऊन पडल्याने, हे सांगणार कोण? रोथॅमस्टेडला 1856 मध्ये एका गवताळ कुरणावर सुरू झालेला प्रयोग अजून चालू आहे. तिथे सर्वाधिक जातींची वनस्पती टिकून राहिली ती काहीही न टाकलेल्या तुकड्यांत. तिथल्याच जुन्या गव्हाच्या शेतात एक पट्टा असा राखला आहे की ज्यावर तणनाशक कधीच पडलेले नाही. लाज न बाळगता राखलेल्या त्या पट्ट्यामुळेच बाकीच्या शेतात काय गेले ते त्यांना कळते.

आणि न तपासता एकच औषध मारत राहिले तर काय होते, तेही आपल्याच देशात घडून गेले आहे. पंजाब-हरियाणाच्या गव्हात एक तण येते, तिकडे त्याला मंडूसी किंवा चक्क गुल्ली डंडा म्हणतात. त्यावर वर्षानुवर्षे आयसोप्रोट्युरॉन हे एकच औषध मारले. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला ते तण त्या औषधाला दाद देईनासे झाले, काही शेतकऱ्यांवर उभा गहू जनावरांना कापून घालायची पाळी आली. मलेशियात ग्लायफोसेटला न जुमानणारे गवत 1997 मध्ये सापडले. ते होते नाचणीची ती चुलत बहीण. आपल्याकडे 2019 च्या जूनमध्ये अकोला जिल्ह्यात शेतकऱ्यांनी तणनाशक सहन करणाऱ्या, मान्यता नसलेल्या कपाशीची उघड पेरणी करून सत्याग्रह केला. त्यांची मजुरीची अडचण मला पटते. पण पिकालाच विष पचू लागले की हात आखडता कोण घेणार?

अंगणातल्या हिरवळीबाबत मात्र माझे मत एकतर्फी आहे आणि ते मी लपवत नाही. तिथे कोणतेही तणनाशक नको. चार गुंठ्यांचाही प्रश्न नसतो. खेकडा-गवत हे वर्षायू आहे, बी पडण्याआधी उपटले की त्याचा वंश तिथेच थांबतो. ते विरळ जागी, वरचेवर शिंपडलेल्या पाण्यावर आणि फार खुरटी कापलेल्या हिरवळीत फोफावते. हिरवळ दोन बोटे उंच ठेवा, पाणी क्वचित पण भरपूर द्या, टक्कल पडले असेल तिथे हरळीच्या काड्या टोचा. उरलेले सकाळच्या चहानंतर अर्धा तास बसून खुरप्याने काढा. ज्या हिरवळीवर नातवंडे लोळणार तिथे बाटली आणायला काही कारणच उरत नाही. निवृत्त माणसाला तर अजिबात नाही. हे मी स्नेह्यांना तोंडावर सांगितले. त्यांनी गुडघ्याची सबब सांगितली. मी रानातल्या मावशीच्या वयाची आठवण दिली.

उसाबाबत मी त्यांना काहीच मत दिले नाही. फक्त चिठ्ठ्यांची युक्ती सांगितली, आणि पाचटाची. तोडणीनंतर पाचट न पेटवता सरीत पसरले तर खोडव्यात तण पुष्कळ दबते, ओलही राहते; तोही एक तुकडा मांडून पाहता येईल. जुलैत त्यांनी आडसालीची लागण केली आणि एका एकरात खरेच तुकडे पाडले. चिठ्ठ्या नातवाने उचलल्या. तसाच सोडायचा एक तुकडा नेमका रस्त्याच्या कडेला आला. तो बदलून आतल्या बाजूला घेऊ का, असा त्यांचा फोन आला. मी नको म्हणालो. त्यांनी मग तिथे एक पाटी लावली: "प्रयोग चालू आहे."

भाद्रपदात पुन्हा फोन. गावातल्या बायका दूर्वा खुडायला रानात आल्या तेव्हा वहिनींनी त्यांना बांधावर अडवले. फवारलेल्या जागेतल्या दूर्वा देवाला कशा वाहायच्या आणि घरात कशा आणायच्या, असा त्यांचा प्रश्न. शेवटी सगळ्या पाटीच्या तुकड्यात शिरल्या. दूर्वा मिळाल्या, घोळही मिळाली, आणि मावशी जाताना गवताचा भारा घेऊन गेली. स्नेही जरा रागावलेले होते. "अहो, माझी मोजणी बिघडली ना! पंधरा दिवसांची चौकट अजून टाकायची होती." मी म्हटले, भारा वजन करून लिहून ठेवा. तेवढ्यात मावशी घरी पोचली होती. आता ते तराजू घेऊन दुसऱ्या भाऱ्याची वाट पाहत आहेत. ऊस तुटायला पुढची दिवाळी उजाडेल.